सुजलेल्या गालाचं शिरस्त्राण

प्रिय इनिड,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच शेगडीत टाकलं नसशील, या आशेवर लिहितो आहे. त्रेचाळीस वर्षं झाली. इथे बोरहॅमवुडला आपला अर्धा स्टुडिओ पाडला. साच्यांच्या शेडच्या जागी सुपरमार्केट आलं. तू जिथे प्लॅस्टर कालवायचीस तिथे लोक गोठवलेले वाटाणे घेतात. पाडापाडीच्या आधी मी एकच वस्तू उचलून आणली, आपल्या त्या अंतराळ-चित्रपटातल्या पहारेकऱ्याच्या शिरस्त्राणाचा साचा. अजून बागेतल्या खोपीत आहे.

गेल्या महिन्यात टोबायस नावाचा एक तरुण आला. त्याची कंपनी जुन्या चित्रपटांतली शिरस्त्राणं मूळ कारागिरांकडून पुन्हा बनवून घेते आणि शौकिनांना विकते. साचा बघताच तो गुडघ्यांवर बसला. डावा गाल मोजला आणि ओरडलाच, “मिस्टर टकवेल, हाच तो! उजव्यापेक्षा नऊ मिलिमीटर जास्त! एका बाजूने माणूस, दुसऱ्या बाजूने राक्षस. काय डोकं चालवलंत!” शौकीन त्याला ‘टकवेल गाल’ म्हणतात, इनिड! त्यावरून अस्सल आणि नक्कल ठरवतात. मला हसू आवरेना. मला कथबर्टची दाढ आठवली.

सव्वासहा फुटी कथबर्ट पहारेकरी व्हायला आला तो गाल पावासारखा सुजवून. तू म्हणालीस, “अरे ॲम्ब्रोज, याच्या डोक्याचा ठसा घेऊ की याला दवाखान्यात नेऊ?” तो प्लॅस्टरखाली कण्हत होता आणि तू दटावत होतीस, “गप्प बस रे राजा. हललास तर नाक वाकडं येईल, मग आईसुद्धा दारात उभं करणार नाही.” दुसऱ्या दिवशी तो दाढ काढायला गावी गेला. पुन्हा ठसा घ्यायला डोकंच उरलं नाही, म्हणून त्या सुजलेल्या ठशावरच तू माती चढवलीस. नऊ दिवस कोरत होतीस. मी फक्त प्लॅस्टिकचे पत्रे तापवले, तुझ्या साच्यावर ओढले आणि कडा कापल्या.

कामाच्या कागदावर नाव मात्र माझं लागलं. युनियनचं कार्ड असेल त्याचंच नाव लागायचं, आणि साचेकामाचं कार्ड बाईला देत नव्हते. ज्याचे हात त्याचं नाव, हे मी टेबलावर उभा राहून किती वेळा गरजलो असेन! चहाच्या सुट्टीतली पाच मिनिटं कापली म्हणून मी अख्खा स्टुडिओ बंद पाडला होता. जी युनियन राबणाऱ्याचं नाव पुसते ती मालकाचीच दुसरी खुर्ची, असं मी आजही मानतो.

तुला कार्ड द्यायचं की नाही यावर कॅन्टीनमध्ये सभा झाली. अध्यक्ष मी. बिनकार्डाची म्हणून तुला आत येता येईना. तू बाहेर प्लॅस्टरच्या गोण्यांवर बसून राहिलीस. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. मी बाहेर येऊन म्हणालो, “खूप भांडलो गं, पण पोरं ऐकेनात. मोठ्या फरकाने पडलो.” तू माझी कॉलर नीट केलीस आणि म्हणालीस, “निदान कोणी भांडलं तरी.” शनिवारी तू अवजारं गुंडाळलीस आणि क्रोमरला शाळेत मातीकाम शिकवायला निघून गेलीस.

टोबायस गुरुवारी पाचशे प्रमाणपत्रं घेऊन येणार होता. प्रत्येकावर मूळ कारागिराची सही हवी. मी त्याला कळवलं आहे की मूळ कारागीर इनिड फॅरो, माझी सही मिळणार नाही. तो तुला फोन करील. सही करायची की फोन आपटायचा, ते तू ठरव. तू नाही म्हणालीस तर त्या साच्यातून एकही शिरस्त्राण निघणार नाही. पण तू त्याच्याशी बोलण्याआधी एक गोष्ट तुला माझ्याकडून कळायला हवी, म्हणून हे पत्र. त्या दिवशी आपण मोठ्या फरकाने पडलो नव्हतो. चिठ्ठ्या सारख्या निघाल्या, चौदा आणि चौदा. अशा वेळी शेवटचं मत अध्यक्षाचं. तुला कार्ड दिलं तर पुढच्या निवडणुकीत माझी खुर्ची जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मी ‘नाही’ म्हणालो, इनिड. इतक्या हळू, की मागच्या बाकावरच्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा म्हणालो.

एवढं वाचूनही तुला चालणार असेल, तर तुझाच,
ॲम्ब्रोज