बुटकं स्टूल

बाबा,

मागच्या दिवाळीनंतर मी आपल्या सुतारकामाच्या गाळ्यात एक नवी वस्तू आणली आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कोन मोजायची डबी आहे ती. साबणाच्या वडीएवढी, पोटाला लोहचुंबक, समोर आकडे दाखवणारी काच. ड्रिल मशीनच्या लोखंडी टेबलावर ठेवली की चिकटून बसते. टेबल सपाट असताना शून्याचं बटण दाबायचं, मग टेबल कलतं करायचं, किती अंश कललं ते ती सांगते, अगदी अंशाच्या दहाव्या भागापर्यंत. खालची जमीन वाकडी असली तरी तिला फरक पडत नाही. जिथे तुम्ही शून्य दाबलं, तिथपासून ती मोजते. स्टुलाच्या पायांची तिरकी भोकं पाडायला याहून झकास काही नाही. तुम्ही आधी हातात घेऊन तिचं वजन बघितलं असतंत आणि मग म्हणाला असतात, "सेल संपला की काय करणार गं?"

तुम्हाला तर साधा कोनमापकही चालायचा नाही. मी कॉलेज सोडून साकीनाक्याला तुमच्या हाताखाली यायला लागले, तेव्हा एकदा कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले होते. पार्ल्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या स्टुलांचं काम चाललं होतं. तुम्ही तो माझ्या हातातून काढून खिडकीत ठेवलात आणि म्हणालात, "लाकडाला शाळेत घालू नको." मी अजून तुम्हाला बघते: स्टुलाची बैठक उलटी करून गुडघ्यांत धरलेली, एक डोळा मिटलेला, हातातलं ड्रिल किंचित बाहेरच्या अंगाला. एकदा इकडून बघता, मान वळवून एकदा तिकडून बघता आणि सुरू करता. मला तुमचा राग यायचा, कारण माझं भोक नेहमी चुकायचं आणि तुम्ही काही न बोलता ते लाकूड बाजूला ठेवायचात. डोळा बसायला मला फार वर्षं लागली, पण बसला.

तर डबी आली आणि मी गंमत म्हणून घरातलं, स्वयंपाकघरातलं तुमच्या हातचं स्टूल उलटं केलं. बैठकीवर शून्य दाबलं, मग एकेका पायाला डबी लावून तो सरळ उभ्यापासून किती कललाय ते बघितलं. दहा, दहा पूर्णांक एक, नऊ पूर्णांक नऊ, दहा. बाबा, मी एकटी मोठ्याने हसले. इतका अभिमान वाटला की कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. मग हाव सुटली. आपल्याकडे घरातल्या प्रत्येक मुलीला लग्नात तुमच्या हातचं स्टूल मिळायचं, भांड्यांच्या आधी ते जायचं. म्हणजे सगळ्या उपनगरांत तुमची स्टुलं, आणि कुठलं कधीचं ते लग्नावरून कळणार. रविवारी डबी पर्समध्ये टाकून मी निघायला लागले.

घाटकोपरला आत्याकडे गेले. तिचं स्टूल सगळ्यात जुनं, तिच्या स्वतःच्या लग्नातलं. चहा टाकून ती बाहेर आली तर तिचं स्टूल चारी पाय वर करून टीपॉयवर आणि मी वाकून डबी लावतेय. "गो, चाय पिऊक इलीस काय स्टुलाचो ताप बघूक?" मग पदराने स्टूल पुसत म्हणाली, "माझ्या भावाचा हात तो. तुका काय सापडूचा नाय." खरंच सापडलं नाही. सगळे पाय दहाच्या आसपास. ती इतकी खूश झाली की मला जेवल्याशिवाय सोडेना.

मुलुंडला, धाकट्या बहिणीकडे, मी शेवटी गेले. धाकटीचं स्टूल तुमच्या हातचं शेवटचं लग्नाचं स्टूल. तेच ते बुटकं. मी ते उलटं केलं आणि पहिलाच पाय नऊ निघाला. दुसरा अकरा पूर्णांक तीन. मला वाटलं डबी बिघडली. पुन्हा शून्य दाबलं, पुन्हा मोजलं. तिसरा पाय बारा. धाकटी कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "ताई, काय झालं गं? चेहरा का असा केलास?" मी त्या पायांच्या खालच्या टोकांवरून हात फिरवत होते. एकेक टोक किती वेळा कापलं असेल ते हाताला कळत होतं.

आता तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. लग्नाआधीचा आठवडा. स्टूल डुगडुगतंय. तुम्ही म्हणता, "गाळ्याची जमीनच वाकडी आहे, वाट लागलीय सगळी." आणि जमीन होतीच वाकडी, पाणी जायला गटाराच्या बाजूला उतार दिलेला. मी दोन गवंडी आणून कोपऱ्यातला सिमेंटचा कोबा नवा, सपाट करून घेतला, घाईघाईत, लग्नघर सोडून. कोबा सुकला. तुम्ही त्यावर स्टूल ठेवलंत, आणि ते डुगडुगलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. करवत घेतलीत, एक पाय कापलात. मग दुसरा. दुपारपर्यंत स्टूल स्थिर झालं आणि चांगलं चार बोटं आखूड झालं. संध्याकाळी घरी आणून सगळ्यांसमोर ठेवलंत आणि म्हणालात, "बुटक्या पोरीला बुटकं स्टूल! पाय तरी जमिनीला टेकतील." आत्या हसली, नवरी लाजून चिडली, मी सगळ्यात मोठ्याने हसले. तुम्हीही हसत होतात. उजवा हात खिशात होता.

कपातला चहा सांडायला लागला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. डॉक्टर कंपवात म्हणाले, तेव्हा आम्ही म्हटलं, किती अचानक. तुम्हाला ते अचानक नव्हतं. कोबा सुकला त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं की जमीन वाकडी नाही. आणि तुम्ही ते कुणालाही सांगितलं नाहीत. मला तुमची दया येते आणि तेवढाच संतापही येतो, बाबा. एकट्याने कशाला बाळगलंत?

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. मुलुंडहून परत आल्यापासून रोज सकाळी गाळा उघडला की मी आधी डबीची काच भिंतीकडे फिरवून टेबलावर चिकटवते. मग एक डोळा मिटून नुसत्या अंदाजाने टेबल दहा अंशांना कलतं करते, नट आवळते, आणि मग डबी फिरवून आकडा बघते. सुरुवातीला छान जमायचं. नऊ पूर्णांक आठ, दहा पूर्णांक दोन. हल्ली अकराच्या आसपास येतं. परवा साडेअकरा. आणि नेहमी त्याच बाजूला. वय झालं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं मी स्वतःला सांगते. मग हात पुढे करून बोटं बघत बसते. बोटं स्थिर दिसतात. तुमचीही तेव्हा दिसत होती.

धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलंय. धाकटीचा हट्ट की स्टूल तूच कर, बाबांसारखं, पोरीला 'आमच्या आजोबांसारखं' म्हणून सांगता आलं पाहिजे. मी केलं. डबी लावून केलं. चारी पाय दहा पूर्णांक शून्य, उंची बरोबर, फरशीवर ठेवलं तर जराही हलत नाही. धाकटी बघायला आली, बसून बघितलं, उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "सेम बाबा!" मी तिला चहा आणायला म्हणून बाहेर पडले आणि नाक्यावर उगाचच उभी राहिले. तुमच्या स्टुलाने निदान सांगितलं तरी. माझं स्टूल उद्या कुणी उलटं केलं, तर त्यातून माझ्या हाताचं काहीच कळणार नाही. ते त्या डबीचं आहे.

धाकटीला मी अजून तुमच्या बुटक्या स्टुलाचं सांगितलेलं नाही. तिला वाटतं ते तिची उंची मोजून केलेलं आहे, पोरींना ती ते कौतुकाने दाखवते. तिच्याशी बोलायचं तर सगळंच बोलावं लागेल, आणि मग ती मला हाताला धरून डॉक्टरकडे नेईल. न्यायलाच हवं. कळतं मला.

आज सकाळीही डबी भिंतीकडे तोंड करून चिकटवली. डोळा मिटला, टेबल कलतं केलं, नट आवळला. हात डबीपर्यंत गेला. मग आकडा न बघताच मी शून्याचं बटण दाबलं.