रोमचं गिऱ्हाईक

२ मार्च १९४७, रविवार

बोट ठरली! मुंबईच्या दलालाचं पत्र आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून निघायचं आणि जुलैच्या अखेरीस लंडनहून परतीची बोट धरायची. आल्या आल्या यंत्राचा पाया घालायचा, म्हणजे दसऱ्याआधी सगळं उभं राहील. नवा कापूस दारात येऊन पडलाय आणि सरकी काढायच्या कारखान्याचा, जिनचा मालक विलायतेत फिरतोय, असं आमच्या तेर गावात कधी झालेलं नाही, माझ्या हातून तर होणारच नाही.

निमित्त सरकीचं तेल काढायच्या यंत्राचं. ते इंग्लंडात बघून पक्कं करायचंय. खरं म्हणजे यंत्र कागदावर बघूनही मागवता आलं असतं. पण मला युरोप बघायचंय. चाळिशी आली, आता नाही तर कधी? हे घरात बोलता येत नाही, इथं लिहायला काय हरकत आहे.

दुपारी गादीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार मापं ठेवली. एक चिंचोका म्हणजे एक दिवस. इंग्लंडचे बाजूला काढले तर उरलेले एका मुठीत मावले! त्यातच पॅरिस, जिनिव्हा, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. रोमला सगळ्यांत जास्त दिले. बायको, इरम्मा, चहा घेऊन आली होती. तिकडं ज्वारी मिळते का म्हणून विचारलं. मिळत नाही म्हटलं. मग जायचं कशाला, असा चेहरा करून गेली.

३ मार्च

धुरपदाबाईनं गादी झाडताना माझा सगळा युरोप केरात लोटला. पुन्हा मांडला. एक चिंचोका कमी भरतोय, पॅरिसचा कापला.

९ मार्च, रविवार

नदीवर जाऊन आलो. तेरणेला पाणी नाही, दरड मात्र पुन्हा ढासळलीय. पायाशी लाल मणी सापडला. उचलावा की नाही असं झालं, मग उचललाच.

लहानपणी पाऊस उघडला की मी आणि धाकटा भाऊ वीरू हेच करायचो. खिसे भरभरून मणी, खापरं, मातीची मुंडकी. मेलेल्यांच्या वस्तू घरात आणता म्हणून आई, आमची अव्वा, ओरडायची. शाळेतले मौलवीसाहेब मात्र एकेक मणी उन्हात धरून बघायचे. त्यांनीच सांगितलं, दोन हजार वर्षांमागं तेरचं कापड बैलांवर लादून समुद्राला जायचं आणि तिथून थेट रोमला! भिंतीवरच्या उर्दू नकाशात त्यांनी छडीनं रोम दाखवलं. वीरू तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. घरी येऊन त्यानं धापा टाकत अप्पांना सांगितलं. अप्पा कापूस तोलत होते. काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "माल गेला खरा, पण गिऱ्हाईक कुणी बघितलं? गिऱ्हाईक बघितल्याबिगर माल देऊ नये."

वीरूनं ते मनावर घेतलं. "अण्णा, आपण जाऊन गिऱ्हाईक बघून यायचं." त्या दिवसापासून तोच खेळ. जिनमधला कापसाचा ढीग म्हणजे बर्फाचे डोंगर, ढिगापलीकडं रोम. तो व्यापारी, मी बैल. डोंगर चढताना तो हटकून गळ्यापर्यंत रुतायचा आणि बैलाला हात देऊन व्यापाऱ्याला वर ओढावं लागायचं. केसांत, कानांत, नाकात कापूस. ढीग तुडवला म्हणून अप्पांनी एकदा दोघांनाही चोपलं. मी मार खाऊन गप्प बसलो. वीरू हुंदके देत म्हणत होता, रोम अगदी जवळ आलं होतं.

माझ्याआधी तोच इटलीत पोचला. फौजेच्या लॉरीत बसून. चव्वेचाळीसच्या ऑगस्टात फ्लॉरेन्सच्या पुढच्या डोंगरात लढाईत गेला. रोम बघितलं होतं का त्यानं? पत्रांत कुठंच नाही. पत्रांत नुसतं अव्वाच्या गुडघ्याचं आणि बैलांचं.

मणी नकाशावर रोमपाशी ठेवलाय.

१६ मार्च, रविवार

आज अव्वा जिनमध्ये आली. इतक्या वर्षांत चार-दोनदाच आली असेल. नकाशाजवळ बसली, पदराखालून चांदीची डबी काढली आणि चिंचोक्यांमध्ये ठेवली.

डबीत वीरूचं इष्टलिंग. एक्केचाळीस साली तो सोलापूरला जाऊन फौजेत नाव घालून आला आणि निघायच्या दिवशी गळ्यातलं लिंग देवघरात काढून ठेवून गेला. आम्हा लिंगायतांत असं कुणी करत नाही. लिंग उतरलं की माणूस असून नसल्यासारखा. मठाच्या स्वामींनी घरी येऊन किती सुनावलं होतं! अव्वाचं एकच — "ठेवून गेलाय म्हंजी घ्यायला येणार हाय." तेव्हापासून ती रोज दोन लिंगांची पूजा करते, एक तिचं, एक त्याचं. तार आली त्या दिवशीही केली. दुसऱ्या दिवशीही केली. आता पूजा थांबव, हे तिला सांगायचं कुणाच्यानं झालं नाही.

आज स्वतःच बोलली. जन्मल्यावर बांधलेलं लिंग शेवटी तळहातावर घेऊन माणसानं मातीत जावं, अप्पा तसेच गेले. वीरूला तिकडं जिथं पुरलं असेल, तिथं हे नेऊन दे म्हणाली. थोडा वेळ नकाशाकडं बघत राहिली. तिला त्यातलं काय कळणार! मग म्हणाली, "तेवढं कर बाबा. मग माझी सुटका."

हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडानं म्हणू?

१७ मार्च

व्हेनिस गेलं. जिनिव्हा गेलं. पॅरिसचं फार वाईट वाटलं, पण तेही गेलं. सगळे चिंचोके फ्लॉरेन्सच्या पुढच्या डोंगरात. रोमला हात लावलेला नाही.

२३ मार्च, रविवार

त्या डोंगराचं विचारलं होतं, दलालाचं उत्तर आलं. लढाईत पडलेले पूल इटलीत अजून नीट झालेले नाहीत. आगगाड्यांचा भरवसा नाही. डोंगरातल्या खेड्यात जायचं तर हाताशी भरपूर दिवस ठेवा, आणि खेड्याचं नाव पक्कं कळवा, नाहीतर नुसते भटकत राहाल. शिवाय शेवटी लिहिलंय, एवढ्या दिवसांत ते खेडं आणि रोम दोन्ही होणार नाहीत, एक काय ते ठरवा. मुंबईची माणसं बोलायला मोठी मोकळी.

खेड्याचं नाव मला कुठं ठाऊक आहे? वीरूबरोबर फौजेत असलेला एक गडी माकणीचा होता — उत्तरेश्वर. पत्रांतून त्याचं नाव यायचं. लढाई संपल्यावर परत आला म्हणतात. माकणीहून इरम्माचं माहेर सास्तूर जवळ. तिचा भाऊ शिवशरण आज परत निघाला होता, त्याच्याजवळ निरोप दिला. कसंही करून त्याला इकडं धाडा, गाडीभाडं माझं.

बाजारात एकजण म्हणाला, इंग्रज इथून निघालेत आणि शेट निघाले इंग्लंडला! सगळे हसले. मीही हसलो. पण आज कशात मन नव्हतं.

रोमवरचे चिंचोके उचलले. मणी तेवढा राहू दिला.

६ एप्रिल, रविवार

माकणीहून काही नाही.

मला राग येतोय. कुणाजवळ बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहितो. वीरूचा राग येतोय! आयुष्यात एकदाच निघायला मिळतंय, आणि तिथंही हा वाटेत आडवा. लहानपणी असंच. जत्रेत पाळण्यात बसायची माझी पाळी आली की ह्याला तहान लागायची. मग मी पाणी शोधत फिरायचो, पाळणा सुटून जायचा.

आणि पाणी प्यायल्यावर तो माझ्याकडं असा बघायचा, की राग कुठल्या कुठं जायचा. आता ते बघणं नाही, नुसता रागच शिल्लक. फार आठवण येते त्याची.

जायच्या आदल्या दिवशी जिनमध्ये येऊन बसला होता. सरकीच्या पोत्यावर पाय हलवत. मी हिशोबात. म्हणाला, अण्णा, चल की, दोघं जाऊ. मी वर न बघताच म्हणालो, जिन कोण बघणार, तुझा बाप? म्हणाला, त्यांचाच तुझ्या जागी भास होतोय मला. मग दोघंही हसलो. फौजेत नाव घातलंय हे त्यानं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं.

१२ एप्रिल, शनिवार

उत्तरेश्वर आला. सास्तूरहून बैलगाडीत, पुढं लॉरीत. उंच, काळा, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. दारातच उभा राहिला, "तुमीच अण्णा व्हय?" आणि माझे पाय धरायला वाकला. त्याला उठवून गादीवर घेतलं. बसेना. जमिनीवरच बसला.

नकाशा पुढं केला, खेडं कुठंशी म्हणून विचारलं.  तो हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, तितं जाऊन काय बगचाल? तितं काय न्हाय. पुरलं न्हाय त्येला. जाळलं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. आमच्यात पुरतात, हे त्याला ठाऊक होतं. माकणीत लिंगायतांची घरं आहेत, लहानपणापासून बघितलेलं. त्यानं वरच्याला सांगितलंही. पण त्या दिवशी सहा जण गेले होते, कागदावर सगळ्यांच्या नावापुढं हिंदूच होतं, आणि अंधार पडायच्या आत पुढं सरकायचं होतं. सगळ्यांना एकच रीत झाली. राख ह्यानंच नदीत सोडली. नदीचं नाव त्याला येत नव्हतं. "तेरणेएवढीच हाय," म्हणाला. "म्या तीच समजून सोडली."

 त्याला पाणी दिलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, रोम बघितलं होतं का रे त्यानं?

तर हसला! डोळ्यांत पाणी आणि हसला. जुलैत सुट्टीची लॉरी रोमला निघाली होती. सगळ्यांनी उड्या मारल्या. वीरू खालीच. ह्यानं हात धरून ओढलं, तरी चढला नाही. "म्हणला, तुमी जावा. ते गिऱ्हाईक बगायला अण्णासंगं जायचं ठरलंय. एकट्यानं बगितलं तर अण्णा लई चिडंल."

लॉरी गेली. दिवसभर हा पठ्ठ्या फौजेच्या खेचरांना पाणी पाजत बसला म्हणे.

मी उठून जिनच्या मागं गेलो. हंगाम संपलाय, कापूस नाही, मोकळी फरशी. तिथं उभा राहून रडलो. परत आलो तर आतल्या दारात अव्वा. उत्तरेश्वरला जेवायला बोलवायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.  त्याला पाटावर बसवून स्वतः वाढलं. भाकरीवर तूप घातलं ते घालतच राहिली.

१३ एप्रिल

उत्तरेश्वर सकाळी परत गेला.  इरम्मा म्हणते, आज अव्वा पूजेला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ बसल्या होत्या.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी अव्वा घरात नव्हती. डबीही नव्हती. मळ्यात, अप्पांना पुरलंय तिकडं धावलो. आमच्यात बायका तिथं जात नाहीत. ती गेली होती. सोबत स्वामी, कुरकुरत. अप्पांच्या समाधीशेजारी हातभर खड्डा काढून तिनं वीरूचं लिंग मातीत ठेवलं होतं आणि वरून विभूती टाकत होती. मला बघून म्हणाली, "तितं हातच न्हाई, तर लिंग कुणाच्या हातात देणार हुतास? आता बापाजवळ हाय."

येताना घरी नाही, जिनमध्ये आली. नकाशासमोर बसली. रोम कुठंशी म्हणून विचारलं. मी मणी दाखवला. तिनं हाताच्या कडेनं डोंगरातले, फ्लॉरेन्सचे, इंग्लंडचेसुद्धा — सगळे चिंचोके त्या मण्याभोवती लोटले आणि माझ्याकडं बघितलं.

"तुमा दोघांस्नी पुरतील का रं?"