डाव्या बाजूची उंच दाढ

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा कवळ्या बनवणे, लग्न केलेले नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण शिक्का सगळ्यांचा सारखाच उमटतो. हृदय फार दिवस साथ देणार नाही असे तपासणीत निघाले, म्हणून ही घाई. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. राहती खोली आणि कामाची खोली, दोन्ही चुलत बहिणीच्या सुनेला, म्हणजे माझ्या भाचेसुनेला द्याव्यात. भाच्याला नाही. तो दारातूनच "कशी आहेस मावशी?" म्हणतो आणि मी तोंड उघडेपर्यंत अर्धा जिना उतरलेला असतो. भाचेसून बसते, कप विसळून ठेवते आणि मला राग येईल हे ठाऊक असूनही खरे बोलते. तिने खोल्या विकाव्यात की ठेवाव्यात, आणि नवऱ्याला आत घ्यावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. बँकेत असेल नसेल तेही तिचेच.

२. घासायचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या आणि साचे डॉक्टरांना. एकतीस वर्षे त्यांच्या दवाखान्याच्या कवळ्या मी केल्या. नीट बसली की डॉक्टरांच्या हाताला गुण, टोचली की "बाईंनी घोळ घातला." माझे भिंगही त्यांनीच ठेवावे. निवृत्त होण्याआधी निदान एकदा तरी पेशंटच्या तोंडात नीट बघतील.

३. आता ताई. माझी सख्खी थोरली बहीण.

बावीस वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्यात तिचे सगळे दात गेले. कवळी अर्थात मीच करणार होते. ती बसवायच्या आदल्या रविवारी ताई माझ्याकडे आली, तेव्हा प्लास्टरवाला बसलेला होता. साच्यांसाठी लागणारे प्लास्टर तो पोहोचवायचा, आणि वर्षभर तो पोते टाकून लगेच निघत नसे. ताई त्याला म्हणाली, "हिच्या हातचा चहा जपून प्या हो. दिवसभर लोकांच्या थुंकीत बोटं असतात हिची." तो हसला. मीही हसले.

गुरुवारी कवळी बसवली. चावायला दिलेल्या निळ्या कागदाचा ठिपका डावीकडच्या मागच्या दाढेवर गडद उमटला, म्हणजे दाढ उंच होती. घासायला दोन मिनिटे लागली असती. मी म्हटले, "बसेल हळूहळू."

बेत वगैरे काही नव्हता. त्या दिवशी हात उचलला नाही, एवढेच. पंधरा दिवसांनी ती गाल धरून आली. मी केसभर घासले आणि केसभर ठेवले. मग एक गुरुवार सोडून एक, ती येतच राहिली. आज नीट करून टाकू असे दर वेळी वाटे, मग ती काहीतरी बोले आणि माझा हात थांबे. कधी ती काहीच बोलत नसे, तेही मला टोचे. दाढ झिजली की मी नवी कवळी करी, त्यात तीच खोड.

ताईने चारचौघांत जेवणे सोडले. लग्नाकार्याला जाणे सोडले. हे मला तीच सांगायची, गाल धरून. मला वाईट वाटले नाही. खोटे कशाला लिहू, बरे वाटले.

पहिल्याच वर्षी प्लास्टरवाल्याने विचारले होते. दुसऱ्या गावी दोघांनी मिळून कारखाना काढू, म्हणाला. मी म्हटले, "गुरुवारनंतर सांगते." असे तीन गुरुवार झाले. ताईचा जबडा माझ्या हातात होता, तो सोडून मी कुठे जाणार? तो गेला. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि नऊ वर्षे माझ्याच खोलीत राहिली.

मात्र प्रत्येक वाकड्या कवळीबरोबर मी एक सरळही केली. हिरड्या आटतात, म्हणून दर दोन वर्षांनी नवी. अशा अकरा कवळ्या टेबलाच्या खालच्या खणात तारीखवार ठेवल्या आहेत. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचेसुनेने त्या ताईपुढे मांडाव्यात आणि सांगावे, या बावीस वर्षे तुमच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होत्या. मग ताईने शेवटची बसवून पोटभर जेवावे.

४. (त्याच दिवशी, दुपारी.) वरची शाई वाळते न वाळते तोच ताई आली. तिचा गुरुवार होता, हे लिहिण्याच्या नादात मी विसरले. कागद उघडा होता. तिने तो उभ्याउभ्या वाचला. मी हिसकावला नाही. म्हटले, मेल्यावर तिचा चेहरा कुठे बघायला मिळणार होता?

तिने तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवली. पिशवीतून डबी काढली, डबीतून दुसरी कवळी. ती बसवली, माझ्या बशीतले सफरचंद उचलले आणि कचकन चावले. डाव्या बाजूने.

"वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पुलापलीकडच्या माणसाकडून करून घेते. इथे येताना तुझी घालते."

"आणि लग्नं? जेवणं?"

"सगळीकडे जाते मी. तुला कोणी बोलावत नाही, म्हणून कळलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ." तिने आणखी एक घास घेतला. "तू त्या प्लास्टरवाल्याबरोबर निघाली होतीस. आईची तब्येत ढासळत होती. तिला कोण बघणार होतं, मी? मला संसार होता. तू मुद्दाम करतेयस हे पहिल्या महिन्यातच कळलं. म्हटलं, दुखतंय तर दुखू दे. ही जागची हलत नाही ना, झालं."

"आई जाऊनही तेरा वर्षं झाली, ताई."

"मग? तुझ्याकडे दुसरं येतं कोण?"

म्हणून कलम तीनमध्ये बदल करते. अकराही कवळ्या ताईला देऊ नयेत, तिच्याकडे आहे. त्या फेकून द्याव्यात. प्लास्टरवाला कुठे असेल तर त्याला यातले काही कळवू नये.

ताईने सफरचंदाचा गाभा माझ्या बशीत ठेवला, माझी कवळी पुन्हा तोंडात घातली आणि दारात थांबली. "येऊ ना गं पंधरा दिवसांनी? डावीकडे जरा उंच लागतेय."

मी वही उघडून पाहिली. तो गुरुवार रिकामा होता. सगळेच होते.

"ये," मी म्हणाले.

हे मी पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने म्हणाले, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

सही: कवळ्या करणारी

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे छत्री दुरुस्त करणारे (ऐकू कमी येते, सगळे वाचून सही केली)
२. समोरच्या दारातल्या शिवणकामवाल्या बाई (सही करताना रडल्या, त्यांना तसे करायला सांगितलेले नव्हते)

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख: महिन्याचा दुसरा गुरुवार, दुपारी चार वाजता