पोक्त गाव, पोरकट गाव

४ फेब्रुवारी
लव्हॉनला धडा शिकवायचा. ठरलं. चौदा वर्षं स्कूल बोर्डाचा अध्यक्ष मी. परवा ती निवडून येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि वर म्हणाली, "डेलमार, तू आता नातवंडं खेळव." एकच नात, तीही दूर ओमाहा शहरात. खेळवतो काय, डोंबल?

६ फेब्रुवारी
संधी चालून आली. आमच्या स्कूल बोर्डाच्या डिस्ट्रिक्टमध्ये गावं दोन, हायस्कूलं दोन. पुढच्या वर्षी एकच चालवायचं. आमच्या वेक्सेलचं की लव्हॉनच्या हार्टविकचं? आधी दोन्ही गावांचा रिपोर्ट: लोक किती, वयं काय, कमाई काय. कोण लिहिणार, असं तिने विचारलं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर. हार्टविकची अब्रूच काढतो.

९ फेब्रुवारी, सकाळ
धान्यगोदामावर कॉफी आणि चौकशी. वेक्सेलचं सरासरी वय एकसष्ट. वा! केवढा अनुभव! हार्टविकचं सत्तावीस. पोरकट गाव.
आजपासून रोज दोन पानं लिहायची.

१५ फेब्रुवारी
पानं झाली नाहीत. बर्फ फार.
हेरगिरीसाठी हार्टविकला गेलो. मांसाच्या कारखान्यात कामाला आलेली ग्वाटेमालाची कुटुंबं. ट्रेलरच्या घरात पाच-पाच पोरं, दारात सायकलींचा ढीग. कमाई आमच्या निम्मी. एका बाईने मक्याच्या पानात उकडलेले गरम तमाले दिले. चार खाल्ले. तेवढंच शत्रूचं नुकसान.

२ मार्च
रिपोर्ट तयार. वेक्सेल: 'शांत, सधन, पोक्त गाव. चार बेडरूमच्या घरात दोनच माणसं. रस्त्यावर पोरांचा उपद्रव नाही.' हार्टविक: 'जिकडे तिकडे पोरं. चर्चमध्ये प्रवचन ऐकू येत नाही.'
बायकोला वाचून दाखवलं. आर्लिस म्हणाली, "हे शाळेसाठीच आहे ना रे?" तिला राजकारण कळत नाही.

१२ मार्च
विजय! बोर्डासमोर खणखणीत आवाजात वाचलं. लव्हॉन मान खाली घालून ऐकत होती. शरमली. शेवटी म्हणाली, "डेलमार, इतका स्पष्ट रिपोर्ट आजवर कुणी दिला नव्हता." मग ठराव आला: रिपोर्ट मान्य, निर्णय त्याप्रमाणेच. अनुमोदन कोण देणार? मीच दिलं. एकमताने मंजूर. घरी येताना शिट्टी वाजवत होतो.

१३ मार्च
शाळा हार्टविकला.
लव्हॉनचा फोन. म्हणे, "अरे बाबा, पोरं जिथे तिथे शाळा. तूच तर लिहिलंस." दगाबाज! अपील करणार. तिला खुर्चीवरून खेचणार. पालकांच्या सह्या लागतात, गावभर आहेतच.

२१ मार्च
गाव पालथं घातलं. पालक नऊ. त्यातल्या सहांनी आधीच हार्टविकला नाव नोंदवलंय. बाकीच्या गावाने सहीऐवजी गुडघेदुखीवरचं औषध सांगितलं. अपील पुढे ढकललं. सूड घाईने घेऊ नये.

३० मे
आज वेक्सेल हायस्कूलची शेवटची घंटा. मी मुद्दाम गेलो नाही. मनातल्या मनात लव्हॉनला शिव्या देत गॅरेज झाडलं.
आत आलो तर आर्लिस खिडकीशी. म्हणाली, "शाळा सुटली की पोरं ओरडत इथून जायची. तेव्हा मी कॉफी ठेवायचे."
मी म्हटलं, घड्याळ आहे की.
म्हणाली, "घड्याळ ओरडत नाही, डेलमार." आणि आत जाऊन पडली.
फार वाईट वाटलं. गुन्हा लव्हॉनचाच. पण अनुमोदन कुणी दिलं, हे आर्लिसला अजून सांगितलेलं नाही. कॉफी मी केली. कडू झाली.