चार टायर आणि एक संशयित

७ डिसेंबर, रविवार
गाडी आली. लाल. समोरून बघितली तर रागावल्यासारखी दिसते, म्हणूनच घेतली. जुनी आहे, पण पुण्यातल्या एका डॉक्टरांची, म्हणजे नवीच. जमिनीला टेकलेली बॉडी, रुंद चपटे टायर, सायलेन्सरचा आवाज असा की आमच्या लोणी गावात कोणी ऐकला नसेल. आप्पांनी एवढंच विचारलं की ह्यात कांद्याच्या गोण्या किती बसतील. मी बॉनेट पुसायला घेतलं. आप्पा अजून कॉलेजचं मनात धरून आहेत. कॉलेज मी सोडलेलं नाही. एचओडींशी मतभेद झाले, त्यात त्यांचा चष्मा फुटला, एवढंच.
ठराव: संक्रांतीच्या आत यशोधराला पुढच्या सीटवर बसवून घाटघरला न्यायचं आणि नाणेघाटाच्या कड्यावर विचारून टाकायचं. ती शेजारच्या समाधानकाकांची मुलगी. नर्सच्या भरतीचा अभ्यास करते.

९ डिसेंबर, पहाट
थंडीत गाडी कशी वापरावी यावर एका परदेशी माणसाचे व्हिडिओ बघतोय. त्याच्याकडे बर्फ असतो. आपल्याकडे दव. तत्त्व एकच. पहाटे इंजिन गरम केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडी यशोधराच्या खिडकीखाली लावतो, कारण सपाट जागा तेवढीच आहे. आज तीन-चारदा जोरात रेस दिली. तिने लगेच खिडकी लावून घेतली. गार वारं बाधू नये म्हणून. काळजी घेणारी मुलगी आहे.

१३ डिसेंबर
स्पीडब्रेकरवर गाडी पोटाने टेकली. पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली, दोन्ही ड्रायव्हर हसले. मोहित पिकअपमधून उतरला, फळ्या टाकून गाडी काढून दिली. हा मोहित आमच्याच आळीतला, लोकांची तरकारी मंचरला आणि वाशीला पोचवतो. म्हणाला, रतन, ही गाडी रस्त्यासाठी हाये, आपल्याकडं रस्ता यायचाय अजून. सगळे हसले.
मला एक कळत नाही. पिकअपमध्ये फळ्या आधीपासून कशा होत्या?

१८ डिसेंबर
पुढचा डावा टायर बसलेला. खिळा नाही, काच नाही. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून बघितला, एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा गेली नाही. सोडली.

२० डिसेंबर
पुन्हा तोच टायर. मोहित स्वतःहून फूटपंप घेऊन आला आणि घाम येईपर्यंत भरून दिला. वर चहासुद्धा नको म्हणाला.
कोण करतं इतकं? जो सोडतो तोच. समाधानकाकांच्या घरी आठवड्यातून दोनदा त्याची चक्कर असते, कोथिंबिरीच्या जुड्या देऊन येतो. कोथिंबीर दोनदा लागते का कोणाला?

२४ डिसेंबर
कुंडलिकतात्यांच्या गोठ्यातून कुत्रं नेलं. ठसे बघायला वनखात्याची माणसं येऊन गेली. ती बिबट्या म्हणाली, गाव वाघच म्हणतं. आता उजाडल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. तात्यांच्या प्रयागबाई घरी येऊन आईला म्हणाल्या, तुझ्या पोराच्या गाडीची घुरघुर बरी हाये गं, वाघ लांब ऱ्हातो. तेव्हा आजपासून दुप्पट वेळ रेस. आता ही समाजसेवा आहे.
टायर आजही बसला होता. म्हणजे हवा सोडणारा वाघालाही भीत नाही. मोहित वाशीहून एकटा रात्रीचा येतो. मुद्दा लक्षात घ्यावा.

२८ डिसेंबर
यशोधराशी बोललो! नळावर. हवेचं सगळं सांगितलं, तपास कुठवर आलाय तेही. तिने अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. विचारलं, इंजिन गरम केलंच न्हाई तर चालत न्हाई का? मी तिला ऑइलचं शास्त्र समजावलं, बराच वेळ. तिची घागर भरून वाहत होती, तरी ती थांबली. मग म्हणाली, थंडीनं हवा आकसत असंल, शाळेत व्हतं आपल्याला. आणि घागर उचलून गेली.
ती माझ्या टायरचा विचार करते.

२९ डिसेंबर
दोन टायर बसले. पुढचे दोन. हवा आकसायची तर मागचीही आकसली असती. शास्त्र संपलं. माणूसच आहे.

२ जानेवारी
नवीन वर्षाचा ठराव: पाळत. रात्री जेवून गाडीतच जाऊन बसलो, आईची गोधडी, बॅटरी, पान्हा. काचा बंद, कारण वाघ. माझ्याच श्वासाने सगळ्या काचांवर वाफ धरली, काही दिसेना. पुसली की परत. झोप लागली नव्हती. फक्त डोळे मिटले होते. मध्येच गाडी जरा खाली गेल्यासारखं वाटलं, मला वाटलं स्वप्न.
सकाळी चारही टायर जमिनीवर. मी आत असताना! माणसाची हिंमत बघा.

३ जानेवारी
मोहितची कॉलर धरली, चावडीसमोर, सगळ्यांदेखत. तो म्हणाला, राव, परवा रात्री मी वाशीला व्हतो. दोन जण सोबत होते, तेही बोलले. टोलची पावती काढून दाखवली.
निर्दोष माणूस पावती जपून ठेवतो का?
आप्पांनी घरी आल्यावर मला दोन शब्द ऐकवले. दोनच, पण शब्द वाईट होते.

९ जानेवारी
दिवस फिरले. रविवारी यशोधराची परीक्षा, सेंटर पुण्यात, सकाळी लवकर. पहाटेची एसटी धुक्याने कधी येते कधी नाही. मोहितची पिकअप जाणार, पण फक्त मंचरपर्यंत. काल मी समाधानकाकांना सांगितलं, मी थेट दारात सोडतो. काका यशोधराकडे बघायला लागले. तिने एकदा गाडीकडे बघून घेतलं. मग म्हणाली, चालंल. पण वेळंवर पोचव, दोन वर्षं घातल्यात मी ह्यात.
चालंल म्हणाली. मी बाकीचं ऐकलंच नाही.
कालपासून टायरही ठीक आहेत. मोहित घाबरला.

१० जानेवारी, संध्याकाळ
गाडी धुतली. सीटला अत्तर लावलं. उद्या धुकं दाट पडणार, रस्ता दवाने ओला. व्हिडिओतला माणूस म्हणतो, घसरड्या रस्त्यावर पकड हवी तर चाकांतली हवा थोडी कमी करावी. हवा मोजायचं गेज नाही आपल्याकडे. चारही टायरची अंदाजाने कमी केली. पहिल्याची जरा जास्त गेली, मग बाकीच्या तिघांची त्याच्या बरोबरीला आणली, मग तो जास्त वाटायला लागला. आता मस्त बसलीये गाडी. ट्रॅक्टरसारखी पकड येणार.

११ जानेवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही.
पहाटे गाडीचं लॉक उघडं करून मी केस विंचरायला आत गेलो. बाहेर आलो तर यशोधरा आणि काका गाडीपाशी उभे, बॅटरी टायरवर. चारही रिम जमिनीला टेकलेल्या. माझं डोकं फिरलं. मोहित पिकअपमध्ये कोथिंबीर भरत होता. पान्हा घेऊन धावलो, त्याला खाली ओढला, समोरची काच फोडणारच होतो.
यशोधरा मध्ये येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.
"त्याला सोड. हवा मी सोडत व्हते. रोज मीच."
मी विचारलं, का. म्हणाली, पहाटंचाच तेवढा अभ्यास व्हतो माझा, आन तू खिडकीखाली येऊन घुरघुर करतोस. सांगून पाह्यलं, तर तू ऑइल सांगत बसलास. चाक बसलेलं दिसलं की तेवढ्या दिवशी इंजिन सोडून पंप शोधत फिरतोस.
मी वाघाचं विचारलं. म्हणाली, खिडकीपासनं दोन पावलं तर गाडी.
मग मीच ओरडलो, आणि आज? आजच्या दिवशी तरी ठेवायची होती.
"आज मी कशाला सोडीन, रतन? आज मला त्यातच बसायचं व्हतं."
मला काल संध्याकाळ आठवली, आणि व्हिडिओतला माणूस. मी पान्ह्याकडे बघत होतो.
तिने गाडीचं दार उघडलं आणि आपली सॅक बाहेर काढली. सॅक पुढच्या सीटवर होती. मी ठेवली नव्हती, तिनेच ठेवलेली. मागे अख्खं सीट रिकामं होतं.
मोहितने कोथिंबीर भरभर मागे सारली, काका हौद्यात चढले, ती मोहितच्या शेजारी बसली. मंचरला पुण्याची एसटी मिळेल, मोहित मिळवून देईल, त्याचं तसंच असतं. धुक्यात मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला.
आई दारात येऊन म्हणाली, आत ये, वाघ हाये. मी म्हणालो, असू दे.
गाडीत जाऊन बसलो. स्टेअरिंगवर नाही, बाजूला, जिथे सॅक होती तिथे. सीट गरम आहे का ते हात लावून बघितलं.
सॅकने सीट गरम होत नसते.