वेत भिजेपर्यंतची जागा

मी, खाली सही करणारी, वेताच्या खुर्च्या विणणारी बाई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे, त्यांच्याशी माझे कालच भांडण झाले.

राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलास द्यावी. शिलाई मशीन सुनेला; ती मागायला लाजते. नणंदेला काहीही देऊ नये. कारण तिला ठाऊक आहे.

कामाची खोली, सुऱ्या, टोचे आणि वेत भिजवायची टाकी नातीला द्यावी. मुलाला हे पसंत नाही. पोरगी फोनपायी वाया गेली, असे त्याचे म्हणणे; फोन काढून घेणाऱ्या वसतिगृहात तिला धाडायचे त्याने ठरवले आहे. हे सांगताना त्याची नजर स्वतःच्या फोनवर होती. त्याचा फोन म्हणजे काम, तिचा म्हणजे खूळ.

मध्यंतरी तिचा फोन त्या टाकीत पडला. मुलगा म्हणाला, "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला!" पोरगी रडलीसुद्धा नाही. वेत मऊ होईपर्यंत आमच्या धंद्यात नुसते बसावे लागते. घाई केली की तो मोडतो. ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, रिकामं बसलं ना, की आत कसलीतरी भीती वाटते गं. फोन असला की कळत नाही."

"मलाही वाटते. बस इथंच," मी म्हटले.

मग ती पुष्कळ बोलली. काय, ते येथे लिहिणार नाही. नवा फोन मीच घेऊन दिला, त्यावरून घरात महाभारत झाले. वेत भिजत घातला की ती अजून येऊन बसते. फोन कधी हातात, कधी खिशात. मला दोन्ही चालते. पोर माझी फार गुणी आहे.

सबब, तिला वसतिगृहात धाडू नये, ही विनंती. हुकूम करण्याचा मला अधिकार नाही, असे वकीलसाहेब म्हणतात.

माझ्यामागे बाकावरची माझी जागा रिकामी होईल. ती मी मुलास देत आहे. त्याने तेथे बसावे, उपदेश करू नये, आणि तिने विचारल्यास खरे सांगावे. ती भीती त्यालाही वाटते. मी त्याची आई आहे. ही जागा विकता, गहाण ठेवता किंवा दुसऱ्या कोणास देता येणार नाही.

वाचून, समजून सही केली.
लिहून देणार : खुर्चीवाली आजी
साक्षीदार : समोरचे घड्याळजी, वरच्या मजल्यावरील शिक्षिका
स्थळ : कामाची खोली
दिनांक : ९ मार्च