दातांपुरतं बघ

८ जानेवारी
आज परत! आणि पेशंटसमोर! दाढ भरायला आलेल्या बाईंची जीभ गॉजमध्ये धरून कडा तपासत होते, तर सर दारातूनच ओरडले — "ए दुर्बीण, दाढ दुखतेय त्यांची. जीभ कशाला ओढतेस? दातांपुरतं बघ!" बाईसुद्धा हसल्या, जीभ माझ्या हातात असताना!
दवाखाना सरांचा, माझी पहिलीच नोकरी. दातओठ खाऊन जीभ सोडली.

११ जानेवारी
रिसेप्शनवालीही दुर्बीण म्हणायला लागली. मेले सगळे!

१९ जानेवारी
सरांच्या दाढेतलं सिमेंट निघालं. चक्क माझ्यासमोर येऊन आडवे झाले! आरसा आत घातला आणि दिसलं — जिभेच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला लाल चट्टा, मधे पांढुरका. बोट लावलं. कडा कडक. तुकडा काढून तपासायलाच हवा, शिकाऊ पोरंही सांगतील.
सर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.
मी दाढ भरली. "चावून बघा, सर." बस्स! दातांपुरतं बघितलं. घरी येताना मी गाणं गुणगुणत होते.

२ फेब्रुवारी
सांगेन की. पण आधी त्यांनी विचारावं — "काय दिसलं गं?" एवढंच. स्वतःची जीभ स्वतःला कळत नाही?
आज एका आजोबांना न बघताच म्हणाले, "अल्सर आहे, जेल लावा." मी आजोबांना जिन्यात गाठून तोंड उघडायला लावलं. साधा अल्सरच होता. त्यांच्यामागे धावले मी. सरांसाठी पाय उचलत नाही.

२६ फेब्रुवारी
सर एकाच बाजूने जेवतात. पाणी गिळताना डोळे मिटतात. आज पेशंटला म्हणाले, "जीभ हिलाच दाखवा. हिच्या नजरेतून काही सुटत नाही." सूर्य कुठे उगवला आज? पण मी काही विरघळणार नाही.

१० मार्च
सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन. कॅन्सर. मानेतही गाठ. अर्धी जीभ काढणार. "अगं बाई, आम्हाला कळलंच नाही काही!" म्हणाले मी. किती गोड आवाज काढला!

११ मार्च
हॉस्पिटलात काकूंनी माझा हात घट्ट धरला. "चट्टा त्यांना आधीच सापडला होता गं. सिमेंट त्यांनी स्वतःच उकरून काढलं, तुला दाखवायला. तू बोललीस तर लगेच तपासणी करायची, असं ठरलं होतं. संध्याकाळी घरी आले ते नाचतच — 'ती काही बोलली नाही, म्हणजे काही नाही!'"